मार्चचा नकाशा

आमच्या कॅन्ससमध्ये जमीन विकायची तर गिऱ्हाईक जूनमध्ये आणतात, गहू उभा असताना; तेव्हा माती उडताना दिसत नाही. लोवेल उन्रूनेही तेच केलं. माझ्या वडिलांकडून शेत घेताना, वारा अडवणाऱ्या झाडांना हात लावणार नाही, असा शब्द यानेच दिला होता. वडिलांच्या कबरीवरची माती बसायच्या आत त्याने सगळी रांग आडवी केली. तेव्हापासून मार्च लागला की त्याच्या शेतातली धूळ शेजारीच राहणाऱ्या आईच्या ताटात.

वारा कुठली माती कधी उडवू शकतो, याचे अख्ख्या खंडाचे महिनावार नकाशे मी बनवते. गिऱ्हाइकासमोरच मी मार्चचा नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. आमचा सगळा भाग लालभडक.

लोवेल हसला. "अगं आर्डिस, एवढ्या नकाशात माझं शेत कुठं दिसतंय?"

"नाहीच दिसत. वारा काय करू शकतो, एवढंच नकाशा सांगतो. त्याला अडवायला काय आहे, ते शेतात बघायचं."

गिऱ्हाइकाने बांधाकडे पाहिलं. "हे खुंट कसले?"

"यालाच विचारा," मी म्हटलं. "शब्द द्यायला मोठा पटाईत आहे."