टेबलाचे कोपरे

मासे डबाबंद करायच्या कारखान्यात सासूबाई बावीस वर्षं मासे कापायचं टेबल घासत होत्या, आणि जावई तिथेच सुपरवायझर होता. जंतू मारणारं थंड प्लाझ्माचं मशीन येणार म्हटल्यावर तो लाडीगोडीनं म्हणाला, "आई, दोन दिवस घासू नका, नुसतं पाणी मारा. मालकांना फरक दिसायला हवा ना!" बावीस वर्षांत त्यांनी एक दिवसही घासणं चुकवलं नव्हतं. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा?

तिसऱ्या दिवशी मशीनचा गार, जांभळा झोत टेबलावरून फिरला. जंतू मोजायच्या यंत्रावर आधीचा आकडा भलामोठा होता, नंतरचा जवळजवळ शून्य. मालक भडकले, "इतकी घाण? हे टेबल कोणाकडे होतं?"

जावयानं बोट दाखवलं. "ह्या बाईंकडे."

मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. लेकीच्या संसाराकडे बघून त्यांनी दोष आपल्या माथी घेतला आणि घासणी ठेवून त्या दाराकडे वळल्या.

दाराशी जावई मागून धावत आला. आता तरी मेला माफी मागेल, असं त्यांना वाटलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "जाण्याआधी कोपरे तेवढे घासून जा. तिथं मशीन पोचत नाही."