घड्याळ कुठून सुरू केलं?

जत्रेच्या मैदानावरचा तंबू इतका गच्च भरला होता, की माणसं बाहेर गाड्यांच्या टपांवर चढून बघत होती. आमच्या केंटकीच्या डोंगरात प्रार्थनेने आजार बरे करणारे धर्मोपदेशक ब्रदर डेलमार आले की हातातली कामं टाकून लोक धावतात. आणि आज तर ते म्हणे दवाखान्याच्याच पद्धतीने चमत्कार सिद्ध करणार होते!

समोर होता सहा वर्षांचा एमेट. त्याचे स्नायू हळूहळू झिजताहेत. उठताना बिचारा मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढतो. मी त्याची फिजिओथेरपिस्ट, ओपल. दर तपासणीला मी त्याला उताणा झोपवते आणि उठून उभा राहायला किती वेळ लागतो ते मोजते. दुखणं कुठवर आलंय, ते त्यावरून कळतं.

डेलमारनेही पोराला उताणा झोपवलं. अकरा सेकंद. मग कपाळाला तेल लावलं, गुडघ्यांवर बसवून प्रार्थना म्हटली आणि गरजला, "ऊठ, लेकरा!" पाच सेकंद! तंबूत एकच कल्लोळ उडाला.

"डॉक्टरांना वर्षं लागतात," डेलमार म्हणाला, "माझ्या देवाला एक बोट पुरतं." मग त्याने बादली पुढे केली. ज्याची श्रद्धा असेल त्याने औषधं तिच्यात टाकावीत. एमेटच्या बापाने, व्हर्जिलने, रडत रडत गोळ्यांची बाटली टाकली.

माझं डोकंच सणकलं. त्या गोळ्यांच्या आधारावर पोरगं अजून चालतंय, आणि त्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं. मी तडक मंचावर चढले आणि म्हटलं, तुमच्या हॉइटलाही मोजा. एकदा उताणा, एकदा गुडघ्यांवरून, तेल न लावता. हॉइट म्हणजे त्याचा धिप्पाड चेला.

"बाई, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कोण घेतंय? तुमच्या घड्याळाची घेतेय."

लोकांनी "होऊन जाऊ दे" म्हणत हॉइटला आडवा केलाच. पोट सावरत, कुशीवर वळत, कण्हत तो कसाबसा उठला. गुडघ्यांवरून मात्र निम्म्या वेळात उभा! लोक खो खो हसले. मग हसू विरलं, कारण सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. कुशीवर वळून गुडघ्यांवर येण्यातच अर्धा जीव जातो, आणि ते उरकल्यावर डेलमारने घड्याळ लावलं होतं.

"पण मी डोळ्यांनी पाहिलं," व्हर्जिल पुटपुटला.

एमेट कुणी न सांगता उताणा झोपला. "ओपल मावशी, आता खरं मोज."

बारा सेकंद. दमला होता पोरगा. टाळी कुणीच वाजवली नाही. व्हर्जिलने बादलीत हात घातला, बाटली काढली आणि डेलमारच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बारा तर बारा. माझ्या पोराचे खरे आहेत."

बाकीचे आईबापही बादलीकडे सरकले. तुमच्या गावातही असा कुणी येईल. टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा, बाबा रे, घड्याळ कुठून सुरू केलंस?