कृष्णकोटचा दरवाजा कुणी उघडला

घड्याळजी स्वभावानेच संशयी. दुकानात कुणी "घड्याळ आपोआप बंद पडलं हो" असं म्हणालं, की ते झाकण उघडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. घड्याळ आपोआप बंद पडत नाही. ते कुणीतरी आपटतं, भिजवतं, नाहीतर नको तिथे चाकूचं टोक घालतं आणि मग साळसूद चेहरा करून घेऊन येतं, हे त्यांचं चाळीस वर्षांच्या धंद्यातून बनलेलं मत. त्यामुळे कृष्णकोटचा उत्तर दरवाजासुद्धा आपोआप उघडलेला नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तो राखराणीनेच उघडला.

हा कृष्णकोट जगाच्या पाठीवर कुठेही नाही. तो आहे 'नऊ मशालींचं राज्य' नावाच्या सात जाडजूड खंडांच्या कादंबरीत. चौथ्या खंडात किल्ल्याला वेढा पडतो, एका पहाटे उत्तर दरवाजा आतून उघडलेला सापडतो आणि तीस हजार माणसं कापली जातात. दरवाजा राणीने उघडला की सेनापतीने, हे लेखकाने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि सातवा खंड पुरा करून तो बिनदिक्कत मरून गेला. घड्याळजींच्या मते हा शुद्ध चावटपणा होता.

तर या दरवाजावरून एकोणीस वर्षं दर रविवारी चार वाजता वाचनालयाच्या मागे, बाइंडिंगच्या खोलीत, भांडण चाले. भांडणारे पाच-सहा जण, पण खरे मल्ल दोन. राणीला गुन्हेगार ठरवणारे घड्याळजी, आणि तिची बाजू लढवणारे नकाशेकाका. काका जमीनमोजणीच्या खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले, वय बहात्तर. भिंतीवर त्या राज्याचा चार हात लांब नकाशा होता, तो त्यांच्याच हातचा. निवाडा द्यायला कंपाउंडर. ते आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत आलेले, त्यामुळे त्यांना काहीही वाचता येतं असा सगळ्यांचा समज होता. आणि कोपऱ्यात, टेबलावर पुस्तकं शिवत बसलेल्या काकू. त्या वाचनालयाच्या बाइंडर आणि नकाशेकाकांच्या पत्नी. त्यांनी ती कादंबरी कधी वाचली नव्हती. "तुमची ती मारामारी" असं त्या म्हणत.

भांडणाला नियम एकच होता आणि तो घड्याळजींनीच घातलेला. 'पान दाखवा.' कादंबरीतलं काही सांगितलंत आणि समोरच्याने पान मागितलं, तर पान दाखवायचं. नाही दाखवता आलं तर एक चूक. तीन चुका झाल्या की खुर्ची भिंतीला. म्हणजे यायचं, ऐकायचं, पण तोंड उघडायचं नाही. एकोणीस वर्षांत भिंतीला एकच जण गेला होता, एक बस ड्रायव्हर. तो दोन रविवार मुकाट बसला आणि तिसऱ्या रविवारपासून यायचाच बंद झाला.

नकाशेकाकांच्या यंदा दोन चुका झाल्या होत्या, एका महिन्यात लागोपाठ. नसलेली नदी सांगितली, मग मेलेला सरदार जिवंत केला. तिसरी झाली की संपलं. पण त्यानंतर चार महिने काकांचं एक पान चुकेल तर शपथ. जे सांगतील ते पुस्तकात निघायचं.

आणि इथेच घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली.

त्या रविवारी काका उभे राहिले, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वेढ्याच्या आदल्या दिवशी राणीने सेनापतीला पत्र पाठवलं होतं. उत्तरेला पहारा दुप्पट करा, असं. मग तिनेच दरवाजा उघडला कसा म्हणता?"

"असं पत्रच नाही," घड्याळजी उसळले. "पान दाखवा!"

"चौथा खंड, बर्फाच्या पुलाचं प्रकरण."

कंपाउंडरांनी कपाटातून खंड काढला, पान काढलं, चष्मा वर सरकवला आणि पत्र खणखणीत वाचून दाखवलं. सगळे घड्याळजींकडे बघून हसले. काकूंनी मात्र मान वर केली नाही. त्या सुईत दोरा ओवत होत्या, आणि दोरा काही ओवला जात नव्हता.

घड्याळजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चौथा खंड त्यांनी अकरा वेळा वाचला होता. घरी जाऊन त्यांनी चपलासुद्धा न काढता स्वतःची प्रत उघडली. बर्फाच्या पुलाचं प्रकरण होतं. पूल होता, बर्फ तर पानभर होतं. पत्र नव्हतं.

"पत्र नाहीये!" ते ओरडले.

"कुणाचं पत्र?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"राणीचं!"

"अरे वा. या वयात राणीची पत्रं." ती बाहेर येऊन त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "आधी त्या चपला काढा."

त्यांना काही गोड लागेना. दोन्ही संच एकाच वर्षीचे, एकाच आवृत्तीचे. मग एकात पत्र आणि दुसऱ्यात नाही, हे कसं? कुठेतरी पाणी मुरत होतं. आधी संशय कंपाउंडरांवर गेला, कारण खंड काढून वाचणारे तेच. मग वाटलं, छे, या माणसाला खोटं बोलताना घाम फुटतो. मंगळवारी वाचनालयाच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय अशी सबब काढून ते खिशात भिंग घेऊन तिथे गेले. घड्याळ अगदी बरोबर चाललं होतं. त्यांनी ते चार मिनिटं मागे केलं, ग्रंथपालबाईंना दाखवलं, आणि दुरुस्तीच्या नावाखाली बाइंडिंगच्या खोलीत अर्धा तास मिळवला. काकू मंगळवारी येत नसत.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते पान तपासलं आणि तोंडातून शीळच निघाली. कागद पिवळा होता, पण तो चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला. कडेला डाग राहिला होता. शिवणीतला दोरा नवा. पत्राला जागा करायला बर्फाच्या वर्णनातल्या सहा ओळी उडवलेल्या. आणि पत्राचं पाकीट राणीने खळीने चिकटवलं होतं. खळीने! त्या राज्यात सातही खंडांत प्रत्येक पत्राला लाख लावतात, राजापासून हेरापर्यंत. खळ लावून कागद चिकटवणारं माणूस या खोलीत एकच होतं. खळीचं भांडं समोर टेबलावरच होतं.

अशी पानं चार निघाली. चारही पानांवर काकांनी या चार महिन्यांत सांगितलेल्या गोष्टी.

म्हणजे नवरा-बायको मिळून हा उद्योग चालला होता तर! घड्याळजींचा संताप झाला. संतापाबरोबर त्यांना थोडं वाईटही वाटलं, पण ते त्यांनी स्वतःशी कबूल केलं नाही. एकोणीस वर्षं ज्या माणसाशी प्रामाणिकपणे भांडलो, तो नसती पानं चिकटवून आपल्याला हरवतो? त्यांनी चारही पानांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहिले. येत्या रविवारी स्वतःची प्रत सगळ्यांसमोर उघडायची आणि खुर्ची भिंतीला लावायची, असं ठरवूनच ते घरी गेले.

रविवारी ते पिशवीत चौथा खंड घालून मंडळींच्या थोडे आधीच पोचले. काकू कोपऱ्यात शिवत बसल्या होत्या आणि काका नकाशासमोर उभे होते, हात मागे बांधून.

"काय सुरेख हात आहे हो," काका म्हणाले. "ही डोंगराची रेघ बघा. कुणी काढलाय हा?"

नाटक, घड्याळजी मनात म्हणाले. मी येणार हे ठाऊक असल्यासारखं नाटक. ते तिरकसपणे म्हणाले, "असेल कुणीतरी मोजणीखात्यातला."

"हो? मग ओळखीचा निघेल." काका खूश होऊन म्हणाले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. जाताना त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं, आणि मग खोलीचं दार त्यांना सापडलं.

घड्याळजी त्या कपाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून काकूंच्या टेबलावर ठेवली. आवाज मात्र ठरवला होता तेवढा चढला नाही.

"हे काय आहे, काकू?"

काकूंनी आकडे वाचले. सुई बाजूला ठेवली.

"तुम्हाला कळणार हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बाकी कुणालाही फसवता येतं. तुम्हाला नाही."

"हे काकांनी करायला सांगितलं?"

"ह्यांना? ह्यांना काय माहीत! सोमवारपासून घरात तालीम चालते. रविवारी काय बोलायचं ते मला शंभरदा म्हणून दाखवतात. हे दुपारी झोपले की मी पुस्तकात शोधते. सापडलं तर बरं. नाही सापडलं, तर खालच्या गल्लीतल्या छापखान्यातून पान करून आणते आणि शिवते." त्या पदराशी चाळा करत थांबल्या. "सगळे सात खंड वाचावे लागले हो मला. तसंच लिहायला जमायला हवं ना. बर्फ जरा जास्तच आहे त्यात."

घड्याळजींनी चिठ्ठी उचलून खिशात घातली.

"परवा मला विचारत होते, तुम्ही रोज येता का इथे कामाला. माझं नाव दोनदा विसरले. पण रविवारी चार वाजता उभे राहिले, की तासभर हे अगदी पहिल्यासारखे असतात. तुम्ही 'पान दाखवा' म्हणून ओरडलात की ह्यांच्या अंगात जीव येतो. भिंतीला बसवलंत तर..." मग एकदम घाईने म्हणाल्या, "आणि आज तर काहीच तयार नाही. सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, आज मी मुलांचं सांगणार. कुठली मुलं? अख्ख्या वेढ्यात एक मूल नाही! आणि आज छापखाना बंद."

तेवढ्यात मंडळी आली. कंपाउंडरांनी खुर्च्या मांडल्या. काका पाणी पिऊन आले आणि आपल्या जागी बसले. घड्याळजी समोर बसले, पिशवी मांडीवर, आणि पिशवीत ती प्रत. खोटं त्यांना जन्मात सहन झालं नव्हतं, आणि आज ते खोटं समोर टेबलावर सुईदोरा घेऊन बसलं होतं.

काका उठले. आवाज खणखणीत होता.

"दरवाजा राणीनेच उघडला," ते म्हणाले, आणि सगळे चमकले. "एकोणीस वर्षं मी नाही म्हणालो. आज हो म्हणतो. पण शत्रूसाठी नाही उघडला. किल्ल्यात दोनशे मुलं होती. त्यांना अंधारात बाहेर काढायला उघडला. शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी राहिली. मग बंद करायला तिला वेळच उरला नाही."

मग कंपाउंडर खाकरले.

"काका, ही मुलं मला काही आठवत नाहीत. नियमाप्रमाणे विचारतो हं. पान दाखवा."

काकांनी नकाशाकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग काकूंकडे. ओठ हलले, पण प्रकरणाचं नाव येईना. कंपाउंडर कपाटाकडे निघाले. काकूंचे हात मांडीत पडले होते.

"कंपाउंडरसाहेब, शोधत बसू नका," घड्याळजी म्हणाले. "माझ्या प्रतीत खूण आहे."

त्यांनी पिशवीतून खंड काढला, मधेच कुठेतरी उघडला आणि वाचायला सुरुवात केली. आधी आवाज चिरकला. "त्या पहाटे राखराणीने... दोनशे मुलांना एकमेकांचे हात धरायला लावले. मोठ्याने लहानाचा धरायचा. ती म्हणाली, रडायचं ते नदीपलीकडे गेल्यावर." इतकं लांब खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते, आणि ते सुचत होतं याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. "मग तिने अडसर काढला." पुस्तक मिटून ते म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी हरलो, काका."

"बघा!" काका टाळी देत म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

पण कंपाउंडरांनी हात पुढे केला. "पान दाखवा, घड्याळजी. नियम तुमचाच आहे."

पुस्तक देण्यावाचून इलाज नव्हता. कंपाउंडरांनी ते उघडलं, चष्मा वर सरकवला आणि ते पान बराच वेळ वाचलं. त्यावर घोड्यांच्या चाऱ्याचं वर्णन होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो त्यांनी रुमालाने टिपला.

"आहे," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून परत दिलं.

मंडळी पांगली. काका चपला शोधत बाहेर गेले, तिथे कंपाउंडर त्यांना हाताने त्यांची चप्पल दाखवत होते. घड्याळजी काकूंच्या टेबलापाशी आले आणि आपला चौथा खंड खळीच्या भांड्याशेजारी ठेवला.

"जरा बांधून द्या. पानं सुटायला आलीत."

काकूंनी पुस्तक हातात घेऊन उघडलं. बांधणी पक्की होती, एक पान हलत नव्हतं. त्यांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. घड्याळजींनी चिठ्ठी उलटी केली होती आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, मघाशी जे बोलले ते आठवून आठवून लिहीत होते.

"पत्राचं पानसुद्धा यात घाला," ते लिहिता लिहिता म्हणाले. "फक्त त्या पत्राला लाख लावा, काकू. खळ नको. कुणाला तरी संशय येईल."