पिवळं कडं

झाड मारायचं तर त्याला कोयता लावायचा नाही. कोयत्याची खूण राहते, आणि खूण दिसली की वनखात्याचा माणूस दारात उभा. म्हणून अमोयाक्रोम गावची माणसं झाड शेकवून मारतात. बुंध्याशी कोकोच्या सुक्या टरफलांचा ढीग रचायचा, वर गवत टाकायचं आणि मंद धुमसत ठेवायचं. साल आतल्या आत शिजते. झाड उभ्या उभ्या वाळतं. कुणी विचारायला आलंच तर तोंड पाडून सांगायचं, काय करणार साहेब, रोग पडला.

मान्साही त्या दिवशी टरफलंच रचत होती. तिच्या बागेच्या मधोमध इमारती लाकडाचा एक ओडुम उभा होता. तो कुणी लावलेला नव्हता, वटवाघळाने टाकलेल्या बीचा. तिचा नवरा दुपारी त्याच्याखाली बसून जेवायचा, म्हणून इतकी वर्षं तो वाचला. आता नवरा गेला होता आणि ओडुम कवेत मावेनासा झाला होता. म्हणजे लाकूडवाल्यांच्या डोळ्यांत भरण्याएवढा.

कायदा इतका साधा आहे की ऐकून हसू यावं. बाग तुझी, कोको तुझा, कोकोपायी गाळलेला घाम तुझा. पण त्याच बागेत आपोआप उगवलेलं लाकडाचं झाड सरकारचं. सरकार ते ठेकेदाराला देतं. ठेकेदार येतो, झाड पाडतो, आणि झाड कोकोवर पडतं. आभाळात पडायची सोय त्याला नाही. ओडुमभोवतीचा कोको मान्साच्या बागेतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त फळणारा. वर्षाचं मीठ, तेल, औषध त्याच तुकड्यावर चालायचं. ओडुम जगला तर तो तुकडा मरणार, हा सरळ हिशोब होता. म्हणून तिने काडी पेटवली.

"आई, काय चाललंय हे?"

मागे अंतोबाम उभा. तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. तो पोटात असतानाच बाप वारला, म्हणून नाव अंतोबाम, बापाला न भेटलेला. बहीणही लवकर गेली आणि मान्साने त्याला वाढवला. तिकडे मावशीला मावशी म्हणतच नाहीत, आईच म्हणतात; याला तर दुसरी आई ठाऊकच नव्हती.

"शेकोटी," मान्सा म्हणाली. "थंडी वाजतेय."

"एवढ्या उन्हात?"

"तुझ्याएवढी शिकले नाही ना, म्हणून वाजते."

अंतोबामने बुटाने टरफलं उडवून लावली. कुमासीत शिकून तो आता एका संशोधन प्रकल्पात नोकरीला लागला होता. जंगलाचे निर्णय कोण घेतं, हवामान सावरायला सरकारने काय करावं, असलं काहीतरी. मान्साला त्यातलं एवढंच कळलं होतं की तो झाडं मोजतो आणि त्याचे पैसे मिळतात. जगात याहून वाईट धंदे आहेत, असं ती शेजारणींना सांगायची.

"ऐक," तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. कोकोला सावली नसेल तर येत्या उन्हाळ्यांत तो भाजून निघेल. आणि कायदा बदलतोय. झाड ज्याच्या बागेत, मालकी त्याची. मसुदा तयार आहे."

"मसुदा म्हणजे?"

"लिहून झालंय, लागू व्हायचंय."

"म्हणजे लग्न ठरलंय आणि नवरा पळालाय."

"आई!"

"बरं बरं. तू म्हणतोस म्हणून."

फक्त तो म्हणाला म्हणून. दुसऱ्या कुणाचं तिने ऐकलं नसतं, प्रत्यक्ष गावप्रमुखाचंही नाही. अंतोबामने पिशवीतून फीत काढली, छातीच्या उंचीवर ओडुमचा घेर मोजला आणि तिथेच ब्रशने पिवळ्या रंगाचं कडं काढलं. पुढच्या खेपेला त्याच जागी मोजायचं, किती वाढला ते बघायचं. मग यंत्रात बघून जागेची नोंद केली.

"झालं," तो म्हणाला. "आता जगाला कळलं की हे झाड इथं आहे."

मान्साला ते वाक्य फार आवडलं. गावभर ती ते सांगत फिरली. तिच्या बागेला लागून नाना बादूची बाग. दहावं पोर म्हणून बादू, आणि वयाने सगळ्यांचा नाना. त्यालाही तिने गळ घातली. त्याच्या बागेतही एक मोठं एमिरेचं झाड होतं.

"मान्सा, तुझं पोरगं झाडाला बांगडी भरून गेलं," नाना बादू म्हणाला. "बांगडी कुणाला भरतात? जिला सासरी धाडायचंय तिला."

"तुझी जीभ शेकवायला हवी, नाना."

पण अंतोबामची फीत त्याच्याही एमिरेभोवती फिरली, पिवळं कडं तिथेही आलं. त्यासाठी मान्साने नानाला दोनदा कंद कुटून केलेला फुफू खाऊ घातला होता.

आणि खरं ते सांगायलाच हवं, पोरगा खोटं बोलला नव्हता. त्या वर्षी हरमॅटनचा धुळकट वारा लवकर सुटला आणि लांबला. उघड्यावरच्या बागांतली पानं कडेने करपली, फळं बोराएवढी असतानाच काळी पडली. ओडुमखालचा कोको मात्र हिरवा राहिला. मान्सा दुपारी नवऱ्याच्या जागी जाऊन बसायची आणि वर बघायची. तिने दुसरीकडे उगवलेली ओडुमची दोन पोरवयाची झाडंही राखली. आयुष्यात पहिल्यांदा तिने झाडाला पाणी घातलं.

ठेकेदाराची माणसं बाजाराच्या दिवशी आली. गावात कुणी नसतं तेव्हाच ती येतात. मान्सा टोमॅटो विकत बसली होती आणि कुणीतरी धावत येऊन म्हणालं, तुझ्या बागेकडून मशीनचा आवाज येतोय. टोमॅटो तिथेच टाकून ती पळाली. वाटेतच तिने तो आवाज ऐकला. आधी कडकड, मग वाऱ्यासारखं काहीतरी, मग जमीन हलली.

ती पोचली तेव्हा बागेत ऊन होतं. जिथं कधी ऊन नव्हतं तिथं. ओडुम आडवा पडला होता आणि त्याच्या फांद्यांखाली कोको चेंगरून गेला होता. पिवळी, पिकायला आलेली फळं फुटून पांढरा गर मातीत सांडला होता. खोड ओढायला आणलेल्या ट्रॅक्टरने उरलेल्या कोकोतून वाट पाडली होती. कुंपणापलीकडे नाना बादूचा एमिरेही पडलेला होता.

टोळीचा मुकादम माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने टोपी काढली.

"आई, परवानगी आहे आमच्याकडे. झाड सरकारचं."

"मला आई म्हणू नकोस. मी तुला जन्म दिला असता तर जरा लक्ष देऊन दिला असता."

टोळीतला एकजण हसला. मुकादमाने त्याच्याकडे रागाने बघितलं आणि दारूची एक बाटली पुढे केली. "पूर्वजांसाठी. रीत आहे."

"रीत! माझ्या दारात आलास, पाणी प्यायलास? कशाला आलो ते सांगितलंस? ती रीत नाही आठवली?" तिचा आवाज फाटला. "एवढ्या रानात तुला माझंच झाड कसं सापडलं?"

मुकादमाने खोडाकडे हात केला. पिवळं कडं अजून ताजं दिसत होतं.

"तुम्हीच तर खूण केलीत. मोजलेलं, घेर बरोबर. नाहीतर आम्हाला दिवसभर हिंडावं लागतं. या खेपेला रंग बघत बघत आलो."

तो हे चांगुलपणाने सांगत होता. मान्सा खाली बसली, फुटलेल्या फळांतच.

नाना बादू तिला एक शब्द बोलला नाही. टोमणाही मारला नाही. तो टोमणा मारील म्हणून ती कितीतरी दिवस वाट बघत राहिली.

फोनवर अंतोबाम म्हणाला, "आई, मी वर बोलतो."

"वर कुठे? वर आता नुसतं आभाळ आहे."

पुढचा पाऊस झाल्यावर संशोधनवाले दुसऱ्या मोजणीला आले. अंतोबामबरोबर राजधानीच्या डॉक्टरबाई होत्या, मऊ बोलणाऱ्या, मोठी टोपी घातलेल्या. त्यांना इथली बोली येत नव्हती; अंतोबाम दुभाषा. नाना बादूने त्यांच्यापुढे पाय पसरला.

"डॉक्टर आहेस तर गुडघा बघ."

"नाना, त्या झाडांच्या डॉक्टर आहेत," अंतोबाम पुटपुटला.

"झाडांच्या? मग उशीर केलास बाई. पेशंट गेला."

अंतोबामने हे भाषांतर केलं नाही. सगळे ओडुमच्या उरलेल्या खुंटाजवळ गेले. अंतोबामने हातातल्या फोनवर प्रश्न उघडला. झाड का नाहीसं झालं? उत्तरं आधीच लिहून ठेवलेली: वादळ, वणवा, रोग, शेतकऱ्याने तोडलं. त्याचं बोट काचेवर नुसतंच थांबलं होतं.

"काय विचारतोय तो डबा?" मान्साने विचारलं.

त्याने सांगितलं.

"ठेकेदार नाही त्यात?"

"नाही."

"सरकार?"

"आई, नाही."

तेवढ्यात डॉक्टरबाई आनंदाने काहीतरी बोलल्या. खुंटाच्या मुळातून एक कोंब फुटला होता, वीतभर, चकचकीत पानांचा. बाई मान्साचा हात धरून तिला कोंबाजवळ घेऊन गेल्या. फोटो काढायचा होता. फोटोला काय नाव देणार, तेही त्या सांगत होत्या, आणि अंतोबाम खाली मान घालून म्हणाला, "म्हणतात, ही आशा आहे."

मान्सा वाकली. बाईंनी कॅमेरा उचलला. मान्साने कोंब मुठीत धरला आणि मुळासकट उपटला.

मग ती बोलली. थांबलीच नाही. नवऱ्याबद्दल, करपलेल्या आणि न करपलेल्या कोकोबद्दल, नानाला घातलेल्या फुफूबद्दल, पिवळ्या रंगाबद्दल. "तुम्ही मोजलंत म्हणून त्यांना सापडलं. माझा दिवा घेऊन चोर घरात शिरला आणि तुम्ही मला विचारता घर का रिकामं! सांग तिला. झाड कुणी मारलं? लिही, मान्साने मारलं. जिवंत ठेवून मारलं. यापुढे जे उगवेल ते मी मारीन, दिवसाढवळ्या मारीन. हेही लिही."

अंतोबामने भाषांतर केलं. एवढं सगळं त्याने दोन वाक्यांत आटपलं. मान्साला बाईंची भाषा येत नव्हती, पण लांबी तर कुणालाही कळते. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, समजूतदारपणे मान हलवली आणि गाडीकडे निघाल्या. अंतोबामने काचेवर बोट टेकवलं. कुठल्या उत्तरावर, ते तिने विचारलं नाही. वादळ तर नव्हतंच आलं.

जाताना त्याने पाणी मागितलं नाही. तिनेही दिलं नाही.

संध्याकाळी तो परत आला, एकटा, चालत. खांद्यावर पिशवी नव्हती. मान्सा दारात कोयता घासत बसली होती. ती उठली, आत गेली, पाण्याचं भांडं आणून त्याच्यापुढे धरलं. तो प्यायला. मग तिने परक्या पाहुण्याला विचारतात तसं सगळं रीतीने विचारलं, "आमच्याकडे सगळं ठीक. तू कशाला आलास ते सांग."

अंतोबामने भांडं खाली ठेवलं.

"ती दोन पोरवयाची राहिलीत ना अजून?"

"राहिलीत."

"त्यांचीही नोंद आहे, आई. मीच केली होती. वाढली की त्यांनाही शोधत येतील." त्याने हात पुढे केला. "दे तो इकडे."

तिने कोयता दिला. दोघं बागेत शिरली. ऊन पडून पडून कोकोची उरलेली झाडं वरून पिवळी दिसत होती. पहिल्या ओडुमपाशी तो थांबला. मनगटाएवढं खोड, सरळसोट.

"टरफलं आणू?" त्याने विचारलं. "कोयत्याची खूण राहील."

"राहू दे. कुणी मारलं ते त्यांना कळू दे एकदाचं."

त्याने छातीच्या उंचीवर कोयता टेकवला, जिथं ब्रश टेकवायची सवय होती तिथंच. गोल गोल साल सोलत आणली. चीक पांढरा, बोटांवर ओघळला. ज्याने झाडं जगावीत म्हणून वर्षं घातली त्याच्या हातून कडं वेडंवाकडं झालं.

मान्साने जवळ जाऊन बोटाने चाचपलं. एका बाजूला सालीची बारीक पट्टी तशीच राहिली होती.

"हे हिरवं राहिलं," ती म्हणाली. "एवढ्यावरही जगतं ते."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने बोट काढून घेतलं.

मग त्याने तीही पट्टी काढली.