प्रमाणपत्राखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी एका लहान प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात लटकणारा बातमीफलक आहे, आणि आता जुना झालो आहे. किती जुना, हे मला सांगता येत नाही, पण तुम्हाला मोजता येईल. माझ्या हिरव्या कापडावर तळहाताएवढी जागा निवडा, तिच्यातली टाचण्यांची भोके मोजा, आणि असे किती तळहात माझ्यावर मावतात त्या संख्येने गुणा. चौथीतल्या एका मुलीने हे करून पाहिले होते. उत्तर नऊ हजारांच्या आसपास आले. आठवड्याला बारा टाचण्या आणि वर्षाला चाळीस आठवडे धरले, तर माझे वय एकोणीस वर्षांच्या जरा आत भरते. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांनी ते ऐकून दफ्तरात नोंद शोधली. एका वर्षाचा फरक निघाला. त्या मुलीला तो एका वर्षाचा फरकही आवडला नव्हता.

तिच्याविषयी मला सांगायचेच आहे. पण आधी थोडे माझ्याविषयी.

माझी चौकट शाळेच्या मोडक्या बाकांच्या लाकडाची आहे. खालच्या पट्टीवर कुणीतरी कर्कटकाने ‘बारा साते चौऱ्याऐंशी’ असे कोरलेले आहे. सुतार ते रंध्याने घालवणार होता, पण मोठ्या बाई म्हणाल्या की उत्तर बरोबर आहे, राहू द्या. पाठीला फळी, तिच्यावर मऊ भुशाचा जाड पुठ्ठा आणि वरून हिरवे कापड, असा मी तयार झालो. ज्या दिवशी मला टांगले त्या दिवशी शाळेत एकेचाळीस मुले होती. पहिली बातमी लागली ती नव्या नळाची.

दर शनिवारी सकाळी बातम्या बदलत. दुसरीतल्या मुलीने न थांबता दोरीवरून एकशे बारा उड्या मारल्या. तिसरीतल्या जुळ्या भावांनी एकमेकांची चूक न काढता एक पूर्ण दिवस घालवला. पहिलीतल्या मुलाने मधल्या सुट्टीत हरवलेला दात स्वतः शोधून काढला. मोठ्या शाळांच्या फलकांवर अशा बातम्या नसतात. आमच्याकडे मुले कमी, म्हणून प्रत्येकाची पाळी येई.

मोठ्या बाईंची एक पद्धत होती. जुना कागद त्या काढत नसत. त्याच्यावरच नवा लावत. बातमी जुनी झाली म्हणून खोटी होत नाही, असे त्या म्हणत. ढीग इतका जाड झाला की टाचणी कापडापर्यंत पोहोचत नाही, तेव्हाच तो उतरवून, दोऱ्याने बांधून त्या कपाटात ठेवत. त्यामुळे मुलांना एक खोड लागली होती. येता-जाता वरचा कागद उचलून खाली आपली जुनी बातमी आहे ना, हे ती बघत. माझे कोपरे त्यामुळे फाटत, पण मला ते आवडत असे.

आता त्या मुलीकडे येतो. ती अंगाने काडी आणि प्रश्नांनी टोकदार, म्हणून मुले तिला ‘टाचणी’ म्हणत. तिला राग येत नसे. टाचणीशिवाय फलक म्हणजे नुसती फळी, असे ती उलट ऐकवी. माझ्या चौकटीला उजवीकडे एक खिळा आहे. त्याला लाल द्रवाची एक तापमापी अडकवलेली असे. चौथीच्या वर्षी टाचणीने ठरवले की शाळेचे शंभर दिवस, रोज सकाळी अकरा वाजता, तापमान वाचायचे आणि वहीत लिहायचे. डोळे द्रवाच्या रेषेत यावेत म्हणून ती पाण्याची बादली पालथी घालून तिच्यावर उभी राही. ताप आला होता त्या दिवशीही ती शाल पांघरून आली, आकडा वाचला आणि घरी गेली.

त्या वर्षी आमच्या व्हरांड्याच्या पश्चिमेला एक मोठे झाड होते. त्याच्या मुळांनी भिंतीला तडा गेला होता. झाड तोडायचे ठरले. झाड गेले तर शाळा तापेल, असे मोठ्या बाईंनी चार अर्ज केले, तरी ठरले ते ठरले. एका शनिवारी दुपारी झाड आडवे झाले. बाई त्या दिवशी वर्गाच्या खिडक्या लावून बसल्या होत्या. रविवारी भिंत बुजवून रंगवायला टाचणीचा मामा आला. तो रंगारी होता. त्याने मला दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलले, आणि जमिनीपासून वीतभर वर असताना मी त्याच्या हातातून निसटलो. तापमापी माझ्या अंगावरच होती. तिची काच शाबूत आहे हे पाहून मामाने हुश्श केले आणि संध्याकाळी आम्हा दोघांना परत जागेवर लावले.

मित्रांनो, तो धक्का मला माहीत होता. त्याचा अर्थ माहीत नव्हता.

सोमवारी टाचणीने वाचलेला आकडा तीन अंशांनी जास्त होता. मंगळवारीही. शंभर दिवस पूर्ण झाल्यावर मोठ्या बाईंनी आलेख काढला. बासष्टाव्या दिवसापर्यंत रेघ एका उंचीवर आणि त्रेसष्टाव्या दिवसापासून पायरी चढल्यासारखी वर. बाई कितीतरी वेळ त्या पायरीकडे बघत राहिल्या. झाडासाठी त्या जे बोलत आल्या होत्या, तेच एका मुलीच्या वहीतून बाहेर आले होते. त्यांनी वहीची नक्कल आणि आलेख शाळांच्या विज्ञान स्पर्धेला पाठवले. नाव दिले ‘आमचे झाड आणि तीन अंश’.

पहिला क्रमांक आला. एवढी मोठी बातमी माझ्या अंगावर कधी लागली नव्हती. वर्तमानपत्रवाला येऊन टाचणीचा फोटो काढून गेला, तिला बादलीवर उभे करून. शेजारच्या शाळेत दोन झाडे तोडायची ठरली होती, तिथल्या लोकांनी आमचा आलेख दाखवून ते थांबवले. टाचणीची आई मला बघायला आली आणि बातमीवरून बोट फिरवत तिने ती दोनदा वाचली.

प्रमाणपत्र यायला चार दिवस होते. त्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास कडक ऊन होते. सवयीने टाचणी बादलीवर चढली आणि तिथेच थांबली. तापमापीची नळी एका पत्र्याच्या पट्टीने घट्ट धरलेली होती. सकाळी अकराला त्या पट्टीमागे जे लपून राही, ते दुपारच्या उन्हाने द्रवाबरोबर वर सरकले होते. लाल रेघेत एक पांढरी फट होती. बरोबर तीन रेघांएवढी. धक्क्याने द्रव मधेच तुटला होता आणि वरचा तुकडा तीन अंश उंच बसला होता.

तिने आरडाओरडा केला नाही. वर्गाच्या कपाटातून दुसरी तापमापी आणली आणि दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवल्या. एकीने चोवीस दाखवले, दुसरीने सत्तावीस. पाणी ढवळून तिने पुन्हा पाहिले. मग दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मामाला माझ्यासमोर घेऊन आली. फलक पडला होता का, असे तिने विचारल्यावर मामा आधी हसला.

“पडला कसला, टेकला जरा जोरात. काच फुटली का? नाही ना? मग झालं तर.”

“कुठल्या दिवशी, मामा?”

“झाड पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. का गं?”

वही उघडून तिने शेवटच्या अडतीस दिवसांच्या आकड्यांतून तीन-तीन वजा केले. पायरी नाहीशी झाली. मामाने वहीत डोकावून पाहिले आणि त्याचेही हसू गेले. मी बाईंना सांगतो, माझ्यावर घेतो, असे तो म्हणाला. ती म्हणाली, तू नको, आकडे मी लिहिलेत.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिने मोठ्या बाईंना व्हरांड्यात आणून फट दाखवली. बाईंना समजायला वेळ लागला नाही. त्या हुशार आहेत. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला आहे की मला ते कळले. पण त्या म्हणाल्या, “झाड तोडलं की उष्णता वाढते, हे खोटं आहे का?”

“खोटं नाही, बाई. पण आपण ते मोजलेलं नाही. अकराला झाडाची सावली पलीकडे पडायची, व्हरांड्यात नाही.”

“अगं, शेजारची दोन झाडं उभी आहेत ती तुझ्या या तीन अंशांवर. उद्या हे बाहेर गेलं तर तिथे कुऱ्हाड लावायला कोणी थांबेल का? आणि तू खोटं लिहिलं नाहीस. तुला दिसलं ते तू लिहिलंस.”

“तेव्हा नव्हतं माहीत. आता आहे.”

बाई म्हणाल्या की या विषयावर आपण नंतर बोलू. टाचणीने मान हलवली. पण त्या दिवशी जाताना तिने माझ्यावरचा एकही कागद उचलून पाहिला नाही. स्वतःच्या बातमीसमोरून ती खाली बघत गेली, आणि शुक्रवारी तर व्हरांडा टाळून मागच्या दाराने.

शनिवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. बादली पालथी घातली, चढली, आणि माझ्या मधोमध एक चिठ्ठी टाचली. रेघी कागद, पेन्सिलीचे अक्षर. तिच्यावर होते: ‘त्रेसष्ट ते शंभर या दिवसांचे आकडे तीन अंशांनी जास्त आहेत. तापमापी पडली होती. झाडामुळे किती फरक पडला ते आपल्याला माहीत नाही. पुन्हा मोजायला हवे.’ खाली तिने आपले पूर्ण नाव लिहिले. टाचणी असे लिहिले नाही.

तासाभरात पाहुणे आले. टाळ्या झाल्या. मुले ओळीत उभी होती. मोठ्या बाई प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे वळल्या आणि चिठ्ठी त्यांच्या नजरेला पडली. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती, म्हणून त्यांचा चेहरा फक्त मला दिसला. त्यांनी ती वाचली. एक हात चिठ्ठीकडे गेला. मला वाटले, आता ओढून काढतील. पण एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्यावरचा एकही कागद फाडलेला नव्हता, आणि तोही त्यांनी फाडला नाही. प्रमाणपत्र चिठ्ठीवर धरले आणि चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. चौथी टाचणी दोनदा निसटली.

ओळीतून टाचणी बघत होती. ती रडली नाही. टाळ्या वाजवायच्या होत्या तेव्हा तिने हात मागे बांधले होते.

प्रमाणपत्र धुळीने खराब होऊ नये म्हणून पुढच्याच आठवड्यात मला काचेचे दार बसवले आणि त्याला कुलूप लावले. सगळे म्हणाले, फलक किती रुबाबदार दिसतो. मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हापासून मला श्वास कोंडल्यासारखे होते. मुले आता काचेत आपले केस नीट करतात. कागद उचलून बघायची खोड गेली. नव्या बातम्या महिन्यातून एकदा लागू लागल्या, त्याही कडेकडेने, कारण मधली जागा प्रमाणपत्राची. उड्या, दात, भांडण न करता गेलेला दिवस, हे सगळे आता कमी वाटू लागले. पाहुण्यांना दाखवायला तीन अंश होते ना.

चौथी संपली तेव्हा टाचणी शेवटच्या दिवशी माझ्यापाशी आली. ती आता गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिने काचेवर तळहात ठेवला, नेमका चिठ्ठी आहे त्या जागी. मग तापमापीकडे बघितले. ती कधीच कोणी दुरुस्त केलेली नाही. अजूनही तीन अंश जास्तच दाखवते, आणि रोज नवी मुले तिच्यावर विश्वास ठेवतात.

त्या गोष्टीला वर्ष झाले. मागच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई एकट्याच व्हरांड्यात आल्या. शेजारच्या शाळेची दोन झाडे अजून उभी आहेत. त्या तिकडूनच आल्या असाव्यात, चपलांना वाळकी पाने चिकटली होती. त्यांनी कुलूप काढले, दार उघडले, प्रमाणपत्राच्या खालच्या दोन टाचण्या काढल्या आणि ते उचलून धरले. पेन्सिलीचे अक्षर फिकट झाले आहे. त्यांनी ते वाचले, शेवटच्या ओळीपाशी थांबल्या, आणि चष्मा काढून पदराने पुसला. चिठ्ठी त्यांनी वर लावली नाही. प्रमाणपत्र पुन्हा खाली सोडले, पण त्या दोन टाचण्या परत लावल्या नाहीत. दार लोटले. कुलूप कडीत अडकवले, पण दाबले नाही.

विसरल्या असतील. किंवा विसरल्या नसतील. दोन शक्यता आहेत आणि पुरावा एकच, म्हणून मी निष्कर्ष काढत नाही. हे मी तिच्याकडूनच शिकलो.

पण मित्रांनो, मी बोलू शकत असतो तर एवढेच मागितले असते. मला पुसले नाहीत तरी चालेल, माझे कापड बदलले नाहीत तरी चालेल. शाळेत आलात, तर माझ्यासमोर नुसते उभे राहून कौतुक करू नका. दार उघडे आहे. प्रमाणपत्राचा खालचा भाग मोकळा आहे. तो हळूच उचला, कागद जुना आहे, फाटेल. चिठ्ठी वाचा. आणि मग बादली पालथी घालून, चांगली तापमापी घेऊन, पहिल्या दिवसापासून मोजायला लागा. ती तसे सांगून गेली आहे.