एकाच काचेवर

"सरका रे जरा! मधून ट्रक जाईल एवढी वाट सोडलीय तुम्ही."

फोटोमामांनी काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून सांगितलं, तशी मुलं हसली. पण हललं कोणी नाही. हायस्कूलच्या पायऱ्यांवर शेवटचा वर्ग उभा होता. एका बाजूला गावातली मुलं, दुसऱ्या बाजूला बंदराकडची, आणि मधे रिकामी पायरी, ऊन खात पडलेली.

बंदराकडच्या लोकांचे पणजोबा केव्हातरी जहाजांवरून कामाला आले आणि इथलेच झाले. रंग काळाभोर, केस दाट कुरळे. भाषा मात्र आता गावचीच, अगदी शिव्यांसकट. इतकी वर्षं त्यांच्या मुलांची शाळा वेगळी होती. गेल्या वर्षी ती बंद झाली आणि मुलं या शाळेत आली. वर्षभर दोन्हीकडची मुलं एका वर्गात बसली, म्हणजे एका छपराखाली बसली. बाकं आपोआप वाटली गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच कोणाला ती वाटणी मोडताही आली नव्हती.

मामा मुळात बुजरे. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही त्यांची मान खाली आहे. पण कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले की त्यांना कुठून धीर येई, देव जाणे. ते पायऱ्या चढून गेले आणि मुलांना खांद्याला धरून हलवू लागले.

"माझ्या फोटोत उंची बघून उभं राहायचं. बुटके पुढे, उंच मागे. बाकी मला काही कळत नाही. ए लंबू, तू वर. तूही वर, त्याच्या शेजारी."

"मामा, हा माझ्या पायावर उभाय!"

"मग तू त्याच्या पायावर राहा. फिटंफाट."

या वेळी जे हसू आलं ते सगळ्या पायऱ्यांवरून एकदम आलं, आणि मामांनी नेमकं तेच पकडलं. घरी जाताना स्वारी खुशीत होती. "वर्षभर शाळेला जे जमलं नाही ते मी एका दुपारी केलं बघ," असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर स्वतःच लाजले.

फोटो छापले, शाळेत पोचले, वाटलेही गेले. पाठवण्याआधी मामांनी नेहमीसारखं भिंग लावून तपासलं होतं. कोणाचे डोळे मिटलेत का, मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, चष्म्यावर ऊन चमकलंय का. सगळं ठीक होतं. म्हणजे ज्यांचे डोळे दिसत होते, त्यांचे डोळे उघडे होते.

आणि एका सकाळी दुकानात एक बाई आली. बंदराकडची, हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करणारी. अंगावर कामाचा पांढरा एप्रन तसाच होता. बरोबर तिची मुलगी. ती दाराशीच थांबली. बाईनं पाकिटातून फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"दादा, यात माझी मुलगी कुठली, तेवढं दाखवा."

आवाजात राग नव्हता. असता तर मामांना बरं वाटलं असतं. त्यांनी दाराकडे पाहून मुलगी न्याहाळली, भिंग घेतलं, फोटोवर वाकले, आणि जरा वेळानं दुसऱ्या ओळीत बोट ठेवलं.

"ही. नाही का?"

"ती मी नाही," दारातून आवाज आला. "ती माझी मैत्रीण. आई, चल ना. कशाला विचारतेस? आम्ही त्यात नुसते शर्ट आहोत."

मामांनी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. गावातल्या मुलांचे चेहरे कसे लख्ख आले होते, नाकावरचा तीळसुद्धा मोजून घ्यावा. आणि त्यांच्या मधे पांढरेशुभ्र शर्ट, शर्टांवर काळे गोळे. कुठे दातांची रेघ, कुठे तीही नाही.

"तुमची चूक नाही, दादा," बाई म्हणाली. "मी स्वतः आधी भलत्याच पोरीवर बोट ठेवलं. जन्म दिलाय मी हिला. मग हिनंच मला दाखवलं, आई, मी ही. आमच्या घरातून इथवर शिकलेली ही पहिलीच. भिंतीवर लावायचा होता." तिनं फोटो पाकिटात सारला. "लावीन तसाच. शर्ट तर आहे."

त्या दोघी गेल्या. मामांनी दुकानातली प्रत शोधून काढली.

"अगं, तू यांचे डोळे काढशील?" त्यांनी आतल्या खोलीत जाऊन बायकोला विचारलं. फोटोंवर बारीक कुंचल्यानं हात फिरवायचं काम तिचं. लोकांच्या सुरकुत्या, देवीचे व्रण तिनं इतकी वर्षं सफाईनं पुसले होते.

तिनं फोटो उजेडाकडे धरला. "काढीन की. पण ते माझ्या मनातले डोळे होतील. तिचे कसे होतील?" मग तिनं मूळ काच मागितली. मामा अजून काचेच्या प्लेटांवरच फोटो काढत. काच खिडकीत धरून ती म्हणाली, "अहो, इथंच काही उतरलेलं नाही. उजेडाचं माप कशावर धरलं होतं तुम्ही?"

"नेहमी धरतो त्यावर."

"म्हणजे?"

मामा उत्तर देता देता थांबले. नेहमी म्हणजे गोऱ्या-गव्हाळ चेहऱ्यांवर. त्याच मापानं ते आयुष्यभर भर उन्हात वर्गांचे फोटो काढत आले होते आणि कधी चूक झाली नव्हती, कारण समोर दुसरं कोणी उभंच नव्हतं. मुलांना शेजारी उभं केलं म्हणून ते मिरवत घरी आले होते. आणि काचेवर त्यांनीच मुलांना पुन्हा वेगळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर घसा इतका खाकरला की शिपायानं पाणी आणून दिलं.

"पुन्हा काढायचा?" मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "मामा, एक फोटो काढायला मला किती घरांची दारं वाजवावी लागली, ठाऊक आहे? कोणी म्हणे आमच्या मुलीशेजारी नको, कोणी म्हणे त्यांच्या पुढे नको. आता परीक्षा झालीय. पुन्हा बोलावलं की पुन्हा तेच दळण." मग त्यांना काहीतरी सुचलं. "बंदराकडच्या मुलांचा वेगळा काढा ना. त्यांना लागेल तसा उजेड घ्या. चेहरेही दिसतील, कोणी कुरकुरणारही नाही. तुम्हालाही सोपं."

सोपं होतंच. कोणताही फोटोवाला हेच करील. मामांची मान होकारार्थी हलायला निघालीसुद्धा होती.

"नाही, बाई," ते म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजानं दचकले. "मुलं शेजारी नीट उभी राहिली होती. फोटो माझ्याकडून चुकलाय, त्यांच्याकडून नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "निकालाच्या दिवशी सगळे येतील. तेव्हा काढा. पण या वेळी चुकलं, तर मी पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही कोणाला."

"मीही नाही," मामा म्हणाले.

एकाच काचेवर दोन्ही रंग उतरवायचे, तर कसे? उजेड वाढवावा तर गोरे चेहरे पिठासारखे पांढरे होणार. बेतानं घ्यावा तर बाकीचे पुन्हा अंधारात. त्यांनी घाबरत घाबरत धुलाईघरातल्या त्या बाईंना दुकानात यायची विनंती केली. कामावरून सुटल्यावर बाई आल्या. मामांनी त्यांना आणि बायकोला मागच्या पडवीत सावलीत एका बाकावर बसवलं.

"काय करायचं, दादा?"

"काही नाही, ताई. नुसतं बसा. गप्पा मारा."

दोघींच्या गप्पा लगेच साबणावर गेल्या. कोणत्या साबणानं हात फुटतात, कोणत्यानं नाही. मामा फडक्यात शिरून बघत होते आणि निराश होत होते. तेवढ्यात बाईंनी हात पुसायला मांडीवरचा एप्रन उचलला. पडवीच्या कडेनं आलेलं ऊन त्या पांढऱ्या कापडावर पडलं आणि खालून त्यांच्या चेहऱ्यावर चढलं. हनुवटी, ओठांची कड, डोळ्यांखालची थकलेली घडी, सगळं हलकेच वर आलं.

"ताई! तस्संच धरा! हलवू नका!"

"अहो, काय झालं? साप आहे का?" बायको बाकावरून उठलीच.

निकालाच्या दिवशी मामा सकाळीच शाळेत पोचले. या वेळी पायऱ्या नाहीत, इमारतीच्या सावलीत बाकं मांडली. सावलीपुढे जिथे ऊन होतं तिथे धुलाईघरातून मागून आणलेल्या पांढऱ्या चादरी जमिनीवर पसरल्या. वाऱ्यानं एक कोपरा उडायला लागला, तर मोठ्या बाईंनी आपली पर्स त्यावर ठेवली.

गावातली काही मुलं आली नव्हती. 'एकदा काढलाय ना' असं म्हणून घरच्यांनी निकाल घ्यायलाही दुसऱ्या कोणाला पाठवलं होतं. मामांनी ते पाहिलं. त्यांचे डोळे फाटकाकडे लागले होते. ती मुलगी अजून आली नव्हती.

"ती येणार नाही म्हणत होती," तिची मैत्रीण म्हणाली. "म्हणते, पुन्हा शर्टच निघायचा."

वर्ग उंचीप्रमाणे उभा राहिला. कोणाला सांगावं लागलं नाही; मागच्या वेळचा शेजार मुलांना पाठ होता. न आलेल्यांच्या जागा मुलांनी सरकून भरल्या; फक्त दुसऱ्या ओळीत तिची एक जागा मोकळी राहिली. मामा उगाच कॅमेऱ्याचं भिंग पुसत राहिले, तिपाई सरळ असून सरळ करत राहिले.

"मामा, ऊन सरकतंय," लंबू ओरडला.

तेव्हा ती फाटकातून आत आली. मागे आई, एप्रनमध्येच. मुलगी चादरींना वळसा घालून गेली, कोणाकडे न बघता आपल्या जागेवर उभी राहिली, आणि हनुवटी खाली घातली.

मामा फडक्यात शिरले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळे नेहमीसारखे उलटे लटकत होते, आणि सगळे दिसत होते. लंबूचा लांबोडका चेहरा, शेजारच्याच्या भुवईवरची खोक, मैत्रिणीच्या गालावरची खळी. तिचाही चेहरा होता. रुसलेला, पण होता. सावलीमुळे या वेळी उजेड जास्त वेळ आत घ्यायला हवा होता. बाहेर येऊन त्यांनी भिंगावर झाकण लावलं आणि प्लेट बसवली.

"हलायचं नाही. मी म्हणेपर्यंत श्वाससुद्धा नाही."

वर्ग दगडासारखा उभा राहिला. मामांनी झाकण काढलं, मनात मोजलं, झाकण लावलं.

"झालं!"

सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. ओळी मोडायला लागल्या.

"मामा," दुसऱ्या ओळीतून आवाज आला. "माझे डोळे मिटले."

मोडत्या ओळी होत्या तिथेच थांबल्या. तीच थोडी घाबरल्यासारखी दिसली, आपण इतक्यांना थांबवलं म्हणून.

"अगं काय गं!" लंबू कपाळावर हात मारून म्हणाला. "श्वास धरून धरून मेलो मी इथं!"

"एवढा लांब आहेस," ती मागे वळून म्हणाली, "थोडा मेलास तरी बराच उरशील."

सगळा वर्ग फुटला. मोठ्या बाईसुद्धा तोंडावर हात धरून हसल्या. लंबू 'बघतो तुला' असं काहीसं पुटपुटत पुन्हा आपल्या जागी ताठ उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा, मग पुढची ओळ. एकेक करून सगळे जागेवर आले आणि गप्प झाले.

मामांनी नवी प्लेट बसवली. त्यांनी मान वर केली तेव्हा सगळे तिच्यासाठी थांबले होते. तिनं बाहीनं डोळे पुसले, हनुवटी उचलली, आणि सरळ भिंगाकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "आता काढा."