मी प्यायलेलं औषध

मित्रांनो, मी कोइंब्रा शहरातल्या एका प्रयोगशाळेची जुनी चिप आहे. चिप म्हटल्यावर बटाटा आठवू नका, आणि संगणकही नको. मी टपालाच्या तिकिटाएवढी, पारदर्शक मऊ रबराची वडी आहे. माझ्या पोटात केसासारख्या बारीक दोन वाटा आहेत आणि त्यांत एके काळी माणसाच्या यकृताच्या जिवंत पेशी राहत होत्या.

मला घडवलं एर्मिनियाबाईंनी. दोन दाट द्रव कालवायचे, त्यातली हवा काढायची, साच्यात ओतून भट्टीत भाजायचं, हे काम त्यांच्या हातात मुरलेलं होतं. बुडबुडा म्हणजे त्यांचा हाडवैरी. वाटेत एक जरी अडकला तरी पेशी उपाशी मरतात. म्हणून त्या मला उजेडासमोर धरत आणि डोळे बारीक करून विचारत, "काय गं, आत कुणी लपून बसलंय का?"

माझ्यातल्या पेशी फरशा बसवणाऱ्या एका गवंड्याच्या होत्या. शस्त्रक्रियेत त्याच्या यकृताचा तुकडा कापावा लागला, तो त्याने सही करून आम्हाला दिला. पंप मला थेंबाथेंबाने अन्न पाजत असे. आठवड्याभरात त्या पेशी खऱ्या यकृतासारख्या कामाला लागल्या आणि मला फार अभिमान वाटू लागला.

त्याच सुमारास फिटवरचं एक नवं औषध तपासायला आलं. एर्मिनियाबाईंची भाची ओतिलिया चोवीस वर्षांची होती आणि तिला लहानपणापासून फिट येत. घरात तिला न्हाणीघराची कडी लावायची मनाई होती. मावशीला न्यायला आली की ती दारातूनच विचारायची, "मावशी, निघालं का गं तुमचं औषध? मला एकदा कडी लावून निवांत अंघोळ करायचीय. आई दर दोन मिनिटांनी दार ठोठावते. मी काय बुडतं जहाज आहे?"

त्या औषधाने उंदरांची यकृतं बिघडवली होती. आमचे मुख्य, डॉक्टर लोरेंसो, यांनी मग तेच औषध चौदा दिवस माझ्यातून सोडलं. माझ्या पेशी ठणठणीत राहिल्या. "उंदीर तो उंदीर आणि माणूस तो माणूस!" डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाले. "आता ही सांगेल ते खरं."

एर्मिनियाबाई मला हातात घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, हिच्यातून बाहेर पडलेल्या पाण्यात औषध किती उरलंय ते तपासलंत का? औषध तेलकट आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात टोमॅटोचा रस्सा ठेवला की डबा लाल होतो, मग कितीही घासा. हे रबरही तसंच पीत असेल."

"एर्मिनियाबाई, आत किती सोडलं ते माझ्या वहीत लिहिलंय. रस्सा तुमच्या स्वयंपाकघरात राहू द्या."

सगळे हसले. बाईही ओशाळून हसल्या आणि पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांनाही ते औषध पास व्हायलाच हवं होतं.

खरं फक्त मला ठाऊक होतं. औषध माझ्या भिंतींत मुरत होतं, पेशींपर्यंत जेमतेम पोचत होतं. मी माझ्याच पाहुण्यांच्या ताटातलं खात होते आणि लोक म्हणत होते, पाहुणे किती सुदृढ! माझे फोटो निघाले. आता औषधं उंदरांवर तपासायला नकोत, म्हणून उंदरांचे प्राण वाचवणारी चिप असं म्हणत मला काचेच्या पेटीत ठेवलं. मी तिथे मिरवत राहिले.

पुढे रुग्णांवर चाचणी सुरू झाली. ओतिलियाने आपण होऊन नाव दिलं. तिच्या फिट थांबल्या. सहा आठवडे ती कडी लावून अंघोळ करत होती आणि इतक्या मोठ्याने गात होती, की शेजारीण भिंतीवर थापा मारायची. बाई हे प्रयोगशाळेत सगळ्यांना हसून सांगत.

सातव्या आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. आणखी दोघांची यकृतं सुजली होती, पण औषध थांबवल्यावर ते दोघे सावरले. ओतिलिया सावरली नाही. दुसरं यकृत मिळेपर्यंत ती टिकली नाही.

मग डॉक्टर लोरेंसोंनी मला पेटीतून काढलं आणि माझ्या कडेची चकती कापून यंत्रात घातली. सोडलेल्या औषधातलं बहुतेक सगळं माझ्यातच सापडलं. ते स्टुलावर बसले. "बाई, तुमचा तो डबा..." एवढंच बोलले.

एर्मिनियाबाईंनी मला तळहातावर घेतलं. या वेळी उजेडासमोर धरलं नाही. "तुझा दोष नाही गं," त्या म्हणाल्या. "तू रबर आहेस, तू पिणारच. मला कळत होतं, आणि मी एकदाच बोलले."

आता मी त्यांच्या खणात असते, एक कोपरा कापलेली. नवीन मुलं कामाला आली की त्या मला त्यांच्यापुढे ठेवतात आणि बाहेर पडलेलं पाणी आधी मोजायला लावतात. माझ्यात ते औषध अजून आहे.

मित्रांनो, आम्हाला जपा, आमच्यावर विश्वासही ठेवा, पण आम्हाला तपासल्याशिवाय नको. आणि तुम्हाला काही खटकलं, तुम्ही बोललात आणि लोक हसले, तर दुसऱ्यांदा बोला. तुम्हाला तोंड आहे. मला एकदाही बोलता आलं नाही.